बारा चादरींची एक चादर

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यात माझ्या हातून एक चूक झाली. चूक लहानच होती, पण ती फोटोत आली आहे.

आमच्याकडे मुलीच्या मामाला आणि मुलाच्या मामाला शेजारी बसवून मानाच्या शाली पांघरतात. तशा आम्हा दोघांना पांघरल्या. पुढे भटजींचं काम लांबत गेलं. मला नुसतं बसायला जमत नाही. डोकं रिकामं झालं की बोटं आपापली कामाला लागतात. मुलाचे मामा फोटोसाठी उठले, तेव्हा त्यांच्या शालीबरोबर माझीही शाल निघाली आणि शालीबरोबर मी निघालो, कारण माझ्या शालीचं एक टोक मी मांडीखाली दाबून बसलो होतो. दोन्ही शालींच्या दशा, म्हणजे टोकांचे सुटे धागे, मी एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या. चांगल्या सात-आठ गाठी. ते गृहस्थ सभ्य निघाले. हसून म्हणाले, "राहू द्या, असाच काढू फोटो."

बायको समोर बायकांत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिचं हे न बघणं मला चाळीस फुटांवरूनही ओळखता येतं.

घरी आल्यावर ती मेथी निवडायला बसली, तेव्हा मी म्हटलं, की यात दोष माझा नाही, चादरींचा आहे. आणि तिला सगळं सांगितलं. तेच इथं लिहितो आहे. तिला सांगताना मी स्वतःला जरा शहाणा करून सांगितलं होतं, ते मात्र काढून टाकलं आहे.

मी चौथीत होतो. सत्तर सालानंतरची टंचाईची वर्षं. त्यातल्या एका वर्षी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गिरणी बंद पडली.

सोलापुरात तेव्हा घड्याळं थोडी आणि भोंगे पुष्कळ होते. लोक भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. आमच्या गिरणीचा भोंगा थांबला, तरी पलीकडच्या गिरणीचा वाजायचा, आणि अण्णा त्या परक्या भोंग्यावर उठून तयार व्हायचे. डबा घेऊन निघायचे. बंद गेटासमोर लिंबाच्या झाडाखाली त्यांच्यासारखी पन्नासएक माणसं बसलेली असायची, आज काहीतरी कळेल म्हणून. तिथंच डबा खायचा, आणि संध्याकाळच्या भोंग्याला घरी यायचं. आल्यावर कामावरून आल्यासारखे हातपाय धुवायचे. आईही कामावरून आलेल्या माणसाला द्यावा तसा चहा पुढे करायची. चहात दूध नसायचं, एवढाच फरक.

रेशनवर मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी मिळायची. तिची भाकरी विटेच्या रंगाची व्हायची आणि तोंडात गेल्यावर रंगाला जागायची. शेंगाची चटणी असली की ती भाकरी खाली उतरायची. चटणी संपली, की नुसत्या भाकरीकडे आम्ही दोघं भावंडं बघत बसायचो आणि भाकरी आमच्याकडे.

अशात एक दिवस मामा आला. आईचा धाकटा भाऊ. टेंभुर्णीला हमरस्त्यावर त्याचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि वर पत्रा. पंधरा दिवसांनी तो सोलापूरला चहापूड न्यायला यायचा आणि एसटीच्या वेळेपर्यंत आमच्याकडे टेकायचा. मी खाटेखाली हरवलेली गोटी शोधत होतो. ती सापडली होती, पण वर माझ्याबद्दल बोलणं चाललं होतं, म्हणून मी तिथंच थांबलो.

"आक्का, राग धरू नगं," मामा म्हणाला. "पोराला माझ्याकडं धाड. तितं शाळा हाय. दुपारनं चार कपबशा इसळंल आन् पोटभर खाईल. हितं काय खातंय त्ये? ही तांबडी ईट?"

"त्याच्या बापाला विचारायला पाहिजे."

"दाजीस्नी काय इचारायचं? दाजी गेटावर हायत."

खाटेखालून मला आईचे पाय दिसत होते. पायाच्या अंगठ्यानं ती फरशीवरचं काहीतरी खरवडत होती. फरशीवर काही नव्हतं.

"मला एक खेप दे," ती म्हणाली. "विणकर गल्लीतल्या अम्मांकडून चादरीच्या दशा वळायचं काम मिळतंय. ते धरलं गेलं, तर पोरगं राहील इथंच. नाही जमलं, तर पुढच्या खेपेला तू आलास की घेऊन जा."

"लिहून घ्यू का?" मामानं गमतीनं विचारलं.

"हात मोडीन," आई म्हणाली. ती मात्र गमतीनं म्हणाली नव्हती.

टेंभुर्णी मला माहीत होती. आदल्या मे महिन्यात मी तिथं राहायला गेलो होतो. दोन दिवस भजी खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी रडून परत आलो. पोट बिघडलं असेल असं घरचे समजले. खरी गोष्ट अशी, की तिथं येणारा-जाणारा प्रत्येक ट्रकवाला मला 'ए बारक्या' म्हणून हाक मारायचा. घरी आई मला हाक मारताना आधी एक शिवी घालायची आणि मग नाव घ्यायची. भजी कितीही कुरकुरीत असली, तरी ती शिवी मला तिथं कुणी घालणार नव्हतं. शिवाय कपबशा विसळायची ती बादली मी बघितली होती. तिच्यातलं पाणी दुपारपर्यंत चहाहून कडक व्हायचं.

तेव्हा आपण घराला किती लागतो हे पंधरा दिवसांत सिद्ध करायचं, असं मी खाटेखालीच ठरवलं.

पहिला उपाय कमी खाण्याचा. रात्री जेवताना मी अर्धी भाकरी मागं सारली. आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला आणि अर्ध्या भाकरीच्या जागी काढा पाजला. दुसऱ्या दिवशी मी दीड भाकरी खाल्ली, म्हणजे हिशेब होता तिथं आला. मग नळावरून घागर आणायला गेलो. घागर घरापर्यंत आली, पाणी वाटेतच राहिलं. ताई म्हणाली, "तू असाच उपयोगी पडत राहिलास तर तुझ्याबरोबर मलापण टेंभुर्णीला जावं लागेल."

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती आणि आई मिळून दशा वळायच्या.

ज्यांनी चादर फक्त पांघरली आहे त्यांच्यासाठी सांगतो. मागावर चादरी एकामागून एक, सलग विणत जातात. एक संपली की वीतभर जागा न विणता नुसते उभे धागे सोडायचे आणि पुढची सुरू करायची. मग त्या मोकळ्या धाग्यांत मधोमध कात्री चालवून चादरी वेगळ्या करतात. म्हणजे प्रत्येक चादरीला दोन्ही टोकांना चार बोटं सुटे धागे राहतात. त्यांची बोटाएवढी जुडी घ्यायची, पीळ द्यायचा आणि गाठ मारायची. हीच दशा. एका टोकाला अशा कितीतरी गाठी. काम अवघड नाही. अवघड एवढंच, की ते संपत नाही.

अम्मा म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरातल्या, साठीच्या, रुंद बांध्याच्या बाई. नाकात दोन्हीकडे चमक्या. घरामागच्या पत्र्याखाली त्यांचे चार माग खडखडत असायचे. आमच्याशी त्या मराठीत बोलायच्या आणि त्यांच्या मराठीत चादर, भाकरी आणि आमची ताई हे तिघंही पुरुष होते. पहिलं गाठोडं आणून टाकलं तेव्हा त्यांनी आईला बजावलं, "दशा म्हणजे चादरचा मिशी आहे बघ. मिशी वाकडा असला तर गिऱ्हाईक चादर घेत नाही."

मला आधी नुसते धागे विंचरून सरळ करायचं काम होतं. मग एका दुपारी ताई उठली असताना मी तिच्या जागी बसून पाच-सहा गाठी मारल्या. संध्याकाळी अम्मा माल बघायला आल्या. त्यांनी प्रत्येक गाठ अंगठ्यानं दाबून बघितली आणि माझ्या गाठींपाशी थांबल्या.

"हा कोण मारला?"

ताईनं माझ्याकडे बोट दाखवलं. तक्रार म्हणूनच दाखवलं होतं.

"घट्ट आहे," अम्मा म्हणाल्या. "हा मरेपर्यंत सुटणार नाही."

आयुष्यात पुढे मला दोन-चार जणांनी बरं म्हटलं असेल, पण इतकं डोक्यात कधीच गेलं नाही. मी दिसेल त्याला गाठी मारायला लागलो. दप्तराच्या बंदांना, टॉवेलला, ताईच्या रिबिनीला. गाठ मारताना मी बोटांना थुंकी लावायचो, म्हणजे ती आणखी आवळून बसायची. ही माझी स्वतःची युक्ती होती आणि मी ती कुणाला सांगितली नव्हती.

अण्णा या सगळ्याकडे बघत नसत. ते विणाई खात्यातले जुने कामगार. गिरणीत त्यांच्या मागावरच्या कापडाला खोट निघत नसे, असं ते स्वतः सांगत. घरात चादरींचा ढीग आला, की ते त्याला वळसा घालून जायचे, जसा माणूस परक्याच्या बैलाला वळसा घालतो. एकदा आई म्हणाली, "चार गाठी मारल्यात तर हात झिजणार नाही." अण्णा म्हणाले, "मी कापड विणणारा माणूस आहे. दशा बायका वळतात." आणि डबा घेऊन गेटावर गेले. दोन हातांवर काम उरकत नव्हतं. ताईची शाळा, आईचा स्वयंपाक, पाणी. अम्मांना माल वेळेवर मिळत नव्हता, आणि त्या दोनदा नाराज होऊन गेल्या होत्या.

पंधरा दिवस भरले तो रविवार होता. मामा दुपारी येणार होता. अम्माही दुपारीच येणार होत्या. बारा चादरींचं गाठोडं त्यांना त्याच दिवशी हवं होतं, कारण संध्याकाळी व्यापाऱ्याचा माल बांधला जाणार होता. "या वेळेला उशीर केला तर पुढचा गाठोडा दुसऱ्याला," असं त्या सांगून गेल्या होत्या. चादरींच्या घड्याही अजून मोडायच्या होत्या. आणि सकाळी सकाळीच गल्लीत ओरडा झाला, की रॉकेल आलंय. तीन आठवड्यांनी आलं होतं. आई आणि ताई दोघी रांगेत गेल्या, कारण एकीनं जागा धरायची आणि एकीनं डबे. जाताना आई मला म्हणाली, "चादरींना हात लावू नको. आल्यावर बघू."

हात लावू नको हे मी ऐकलं. पण त्यामागची तिची काळजीही मला ऐकू आली, आणि मी काळजीचं ऐकायचं ठरवलं.

आता अडचण अशी, की सोलापुरी चादर मला वजनाला माझ्याइतकीच वाटायची. ती उलगडून पसरायची तर दोन माणसं लागतात, आणि जमिनीवरून ओढायची नाही अशी अम्मांची सक्त ताकीद. मी ढिगाभोवती एक फेरी मारली. बाराही चादरी घडी घालून एकावर एक रचल्या होत्या आणि सगळ्यांचे मोकळे धागे एकाच बाजूला, झालरीसारखे लोंबत होते. मला वाटलं, ही मोठी माणसं किती वेळ वाया घालवतात. प्रत्येक चादर उघडा, पसरा, वळा, पुन्हा घडी घाला. धागे तर सगळे इथंच समोर आहेत. ढिगापुढे बसायचं आणि वरून खाली गाठी मारत यायचं.

मी तसा बसलो. बोटाला थुंकी लावायची, जुडी घ्यायची, पीळ, गाठ. जुडीत वरच्या चादरीचे किती आणि खालच्या चादरीचे किती, असा विचार मला शिवला नाही. धागा हा धागा असतो. जुड्या नेहमीपेक्षा जाड येत होत्या, त्याचा मला आनंदच झाला. मिशी जितकी जाड तितकी चांगली. उन्हं दारात आली तोवर मी खालपर्यंत पोचलो होतो. हाताची बोटं लाल झाली होती. ढिगाची ती बाजू इतकी सुंदर दिसत होती, की मी दोनदा लांब जाऊन बघून आलो.

आई आणि ताई रॉकेल घेऊन आल्या, तेव्हा मी ढिगाशेजारी सहज बसल्यासारखा बसलो होतो.

"सगळ्या झाल्या," मी म्हणालो.

आईच्या तोंडावर जे आलं ते मला अजून आठवतं. तिला खरं वाटलं नव्हतं, पण वाटावं असं फार वाटत होतं. तिनं वरची चादर उचलली. तिच्यामागून दुसरी आली. दुसरीच्या मागून तिसरी. आई मागं मागं सरत दारापर्यंत गेली, तरी चादरी येतच होत्या.

ताईनं ते टोक धरून बघितलं, मग हे टोक धरून बघितलं. "आई," ती म्हणाली, "ही एकच चादर झालीय."

आई खाली बसली. मारेल असं वाटलं होतं, पण तिनं मारलं नाही. आणि तेवढ्यात दारातून हाक आली, "आक्का, हायस का घरात?"

मामा आला होता. एका हातात चहापुडीची पिशवी, दुसऱ्या हातात एक रिकामी पिशवी. ती माझ्या कपड्यांसाठी होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आटपलं का न्हाय पोराचं?" तो म्हणाला. "दोनची गाडी हाय."

"आधी बस," आई म्हणाली. "ह्या गाठी सोड."

"आँ?"

"बस म्हणते ना."

मामा बसला. आईचा तो आवाज टेंभुर्णीपर्यंत माहीत होता. तिनं त्याला एक दाभण दिलं, ताईला एक सुई दिली आणि स्वतः दातांनी सुरुवात केली. कापून चालणार नव्हतं; दशा चार बोटांहून आखूड झाली तर अम्मा चादर परत करायच्या. मला कुणी काही दिलं नाही. मी हात पुढे केला, तेव्हा ताई म्हणाली, "तू लांब बस. तू काही करू नको. तू श्वासपण तिकडं तोंड करून घे."

एका गाठीला किती वेळ लागत होता सांगत नाही. अम्मांचं म्हणणं खरं होतं, ती गाठ मरेपर्यंत सुटणारी नव्हतीच. मामाची बोटं भट्टीच्या वाफेनं जाड झालेली; तो दाभण खुपसायचा आणि धागा तोडायचा.

"आक्का, ह्ये लई चिवट बांधलंय गं. बैल सुटणार न्हाय ह्यातनं."

"बोलू नको, सोड."

"माझी गाडी..."

"पुढची असेल."

रविवारी गेटावर माणसं कमी असायची, त्यामुळे अण्णा त्या दिवशी लवकर परतले. डबा हातात, दारात उभे. घरभर चादरी पसरलेल्या, मधे बायको दातांनी धागा ओढते आहे, मेहुणा घामानं भिजला आहे आणि मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला आहे. त्यांनी विचारलं नाही. वाकून एक गाठ हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली.

"कुणी मारली ही?"

मामानं दाभणानं माझ्याकडे खूण केली.

"थुंकी लावली होतीस?"

मी भिंतीला सांगितलं, हो.

"म्हणून बसलीय अशी." मग आईला म्हणाले, "ओढतीस कशाला? गाठ ओढली की आवळते. ती मागून ढकलायची असती."

"मग दाखवा की," आई म्हणाली. वर बघितलंही नाही.

अण्णांनी जाऊन दार लावलं. कडी घातली. खिडकीही ओढून घेतली. सदरा काढून खुंटीला अडकवला आणि चादरीच्या कडेला मांडी घालून बसले. गिरणीत धागा तुटला, की माग थांबवून डोळ्याचं पातं लवायच्या आत तो सांधायचा, हीच त्यांची इतक्या वर्षांची नोकरी. त्यांनी गाठ दोन बोटांत धरून चोळली, मागच्या बाजूनं नखानं धागा आत रेटला, आणि ती उमलली. दुसरी. तिसरी. आम्ही सगळे हातातलं ठेवून बघत बसलो.

"बघताय काय? असं करा."

मग त्यांनी आईला शिकवलं, ताईला शिकवलं. मामाला शिकवून बघितलं, आणि त्यानं आणखी दोन धागे तोडल्यावर म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही चहा करा." मामानं मुकाट्यानं स्वतःची नवीन चहापूड फोडली आणि शेजारून उसनं दूध आणलं. कित्येक दिवसांनी आमच्याकडे दुधाचा चहा झाला. दार बंद, खिडकी बंद, आत उकाडा असा की विचारू नका, आणि अण्णा गाठी सोडता सोडता गिरणीतल्या गोष्टी सांगायला लागले. मागाचा धोटा उडून मुकादमाची टोपी कशी घेऊन गेला, वगैरे. गिरणी बंद पडल्यापासून ते घरात इतकं बोलले नव्हते. आई हसली, तेव्हा तिच्या दातांत माझा एक धागा होता.

चादरी सुट्या होईपर्यंत उन्हं कलली. पण त्या नुसत्या सुट्या झाल्या होत्या, दशा वळायच्या राहिल्याच होत्या. आणि दारावर थाप पडली.

"मी आहे रे. दार का लावला?"

अण्णा उठून सदरा शोधायला लागले, पण सदऱ्यापर्यंत पोचायच्या आत ताईनं कडी काढली होती. अम्मा आत आल्या. त्यांनी अण्णांकडे बघितलं, हातातल्या धाग्यांकडे बघितलं. आईनं झालेलं सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अम्मा ऐकत होत्या आणि त्यांचं पोट हळूहळू हलायला लागलं. मग त्या भिंतीला टेकून बसल्या आणि डोळे पुसेपर्यंत हसल्या. "माझा पोरगा चार दिवस माग चालवला, कात्रीनं वेगळा केला," त्या म्हणाल्या, "आणि हा परत जोडला." मग अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही हात चालवा. मी व्यापाऱ्याला एक घंटा थांबवतो. पण एकच घंटा."

आणि अण्णांनी हात चालवले. आई आणि ताई मिळून एक टोक करायच्या, तेवढ्यात अण्णांची एक चादर व्हायची. गाठी अशा एका रेषेत, की पट्टी लावून बघावी. तासाभरानं परत आलेल्या अम्मांनी प्रत्येक गाठ अंगठ्यानं दाबली नाही; दोन-तीन दाबून सोडून दिल्या. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "उद्या दोन गाठोडा पाठवतो." आई नुसती मान हलवत राहिली.

मग राहिला मामा, त्याची रिकामी पिशवी आणि मी. मी भिंतीपाशीच होतो. शेवटी अण्णाच म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही ह्याला न्यायला आलात असं ऐकतो."

मामानं आईकडे बघितलं. आईनं चुलीकडे बघितलं.

"न्यायचं तर न्या," अण्णा म्हणाले. "माझी ना नाही. फक्त एक सांगून ठेवतो. तुमच्या सगळ्या कपबशा तो कानांना दोरी घालून एकमेकींना बांधील, म्हणजे हरवायला नकोत म्हणून. आणि त्या सोडायला मग मी टेंभुर्णीला यायचा नाही."

मामानं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. तो खरोखरच विचार करत होता. "न्हाय दाजी," तो म्हणाला, "असू द्या हितंच. माझं हाटेल ल्हान हाय." रिकाम्या पिशवीची घडी करून त्यानं ती खिशात घातली आणि उरलेली चहापूड आमच्या फळीवर ठेवून शेवटच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा भोंग्यावर उठून, डबा घेऊन, सगळ्या गल्लीदेखत गेटावर जायचे आणि तासाभरानं मागच्या बोळातून घरी यायचे. दार लावून दशा वळायचे. डबा घरीच बसून खायचे, पण खायचे डब्यातूनच. मला त्यांनी धागे विंचरायच्या कामावर परत ठेवलं. गाठ मारायला बंदी. एकदा ते आईला हळूच सांगत होते, की गेटावरच्या त्यांच्या एका जोडीदाराच्या सदऱ्यावर सुताचा कोंडा दिसला. तसाच यांच्याही सदऱ्यावर होता. दोघांनी एकमेकांचे सदरे बघितले आणि पावसापाण्याचं बोलले.

गिरणी पुढे सुरू झाली. अण्णा कामावर रुजू झाले त्या दिवशी मी त्यांच्या डब्याला फडकं बांधलं, आणि ते सुटेना म्हणून दुपारी ते उपाशी राहिले, असं ते सांगायचे. फडकं मी बांधलं होतं हे खरं आहे, पण उपाशी राहिले हे खरं नसावं. गाठी सोडण्यात त्यांचा हात धरणारं सोलापुरात कुणी नव्हतं.

इतकं सगळं मी बायकोला सांगितलं. शेवटी माझा आवाज जरा घोगरा झाला होता, आणि तो तिला कळावा अशी माझी इच्छाही होती. मेथी निवडून झाली होती. तिनं काड्यांचा कागद गोळा केला, माझ्यासमोरची चहाची कपबशी उचलली, तिच्याखालची आणखी एक उचलली, ती सकाळची होती, आणि म्हणाली, "मामांनी तुम्हाला न्यायला हवं होतं. जास्त नाही, एक वर्षभर."